नॉनकोडिंग आरएनए, अस्थिमज्जेतील मूलपेशी आणि हाडांचे आजार : कोणता पुरावा भक्कम मानावा?

पेशीवेध (प्रश्न)

नमस्कार. मी जीवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. वर्गातील सेमिनारसाठी मी हाडांचे आजार आणि नॉनकोडिंग आरएनए हा विषय घेतला आहे. मूळ मांडणी मला समजली आहे. अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल मूलपेशीपुढे साधारणपणे तीन वाटा असतात : हाड घडवणारी ऑस्टिओब्लास्ट पेशी होणे, मेदपेशी होणे किंवा कूर्चापेशी होणे. वय वाढले, स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन कमी झाले किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले गेले, की हा तोल मेदाकडे झुकतो, मज्जेत चरबी वाढते आणि हाड विरळ होत जाते. ज्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही असे अनेक नॉनकोडिंग आरएनए या तोलावर नियंत्रण ठेवतात, असे जवळजवळ प्रत्येक आढावा-लेखात लिहिलेले आहे.

अडचण त्यापुढे सुरू होते. या लेखांमध्ये लांबलचक तक्ते असतात. एका रकान्यात आरएनएचे नाव, दुसऱ्यात लक्ष्य आणि तिसऱ्यात वर किंवा खाली दाखवणारा बाण. दोन तक्ते शेजारी ठेवले, की तोच आरएनए एकात हाड वाढवणारा आणि दुसऱ्यात हाड रोखणारा निघतो. मेग-३ या लांब नॉनकोडिंग आरएनएबाबत मला हे स्पष्ट दिसले. अशा वेळी कोणावर विश्वास ठेवावा? शिवाय मायक्रो-आरएनएसारखा जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे साखळीतील २२ अक्षरांचा, एखादा रेणू संपूर्ण पेशीचे भवितव्य कसे काय ठरवतो, हे मला अजून मनापासून पटलेले नाही. रक्तातील मायक्रो-आरएनए मोजून ऑस्टिओपोरोसिसचे (हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या आजाराचे) निदान करता येते, असेही वाचनात आले. प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवहारात तसे होते का, हे जाणकारांनी सांगावे.

रेणुगाथा

तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली की पहिलीचा गुंता बराच सैल होतो.

मायक्रो-आरएनए केंद्रकात एका लांब धाग्याच्या रूपाने तयार होतो. ड्रोशा हे विकर त्यातून केसपिनेसारखा दुमडलेला तुकडा कापते, एक्स्पोर्टिन-५ तो पेशीद्रवात आणते आणि तेथे डायसर हे विकर त्याचा सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा अंतिम तुकडा करते. हा तुकडा आर्गोनॉट प्रथिनात बसतो आणि आपल्या दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडच्या आधारे संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील भागात जुळणारी जागा शोधतो. जुळणी झाली की त्या संदेशापासून प्रथिन कमी बनते किंवा तो संदेशच लवकर नष्ट होतो. सात अक्षरांची जुळणी पुरत असल्यामुळे एकाच मायक्रो-आरएनएची लक्ष्ये शेकड्यांनी असू शकतात. मात्र प्रत्येक लक्ष्यावरील परिणाम सहसा माफक असतो. प्रथिन पूर्णपणे बंद पडते असे फार थोड्या वेळा घडते.

तरीही भवितव्य बदलते, याचे कारण ते लक्ष्य कोठे बसलेले आहे यात आहे. रन्क्स-२ या प्रथिनाचे उदाहरण घ्या. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत कूर्चेचा सांगाडा तयार होतो, परंतु त्याचे हाड होत नाही, हे १९९७ मध्ये दाखवले गेले. मिर-२०४ (मिर म्हणजे मायक्रो-आरएनए) आणि त्याचा जवळचा भाऊबंद मिर-२११ हे दोघे नेमक्या याच रन्क्स-२ च्या संदेशावर बसतात. मूलपेशीत मिर-२०४ वाढवला की रन्क्स-२ प्रथिन घटते आणि पेशी मेदाच्या वाटेला लागते. तो अडवला की हाडाकडे जाण्याची तिची शक्यता वाढते. दोन वाटांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पेशीला एवढा धक्का पुरतो. जी पेशी आधीच पक्की ऑस्टिओब्लास्ट झालेली आहे, तिच्यावर त्याच धक्क्याचा तसाच परिणाम होईल असे मानता येत नाही.

याच्या उलट दिशेचे उदाहरण मिर-२९ चे आहे. डीकेके-१ आणि एसएफआरपी-२ हे रेणू विंट संदेशमार्गाला लगाम घालतात. मिर-२९ त्या लगामांनाच कमी करतो, त्यामुळे विंटचा जोर वाढतो आणि हाड घडवण्यास मदत होते. म्हणजे रोधकाचा रोधक प्रवर्तक ठरतो. तक्त्यातील बाणाची दिशा वाचताना ही मधली पायरी नजरेआड झाली, तर सगळाच अर्थ उलटा लागतो.

आता टप्प्याविषयी. २०१० मध्ये उंदरांवर झालेला डायसरचा प्रयोग सेमिनारमध्ये अवश्य मांडा, कारण तो मला या संपूर्ण विषयातील सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. डायसर नसेल तर जवळजवळ सगळेच मायक्रो-आरएनए पूर्णत्वाला जात नाहीत. हाड घडवणाऱ्या पेशींच्या पूर्वज अवस्थेत डायसर काढून टाकले, तेव्हा गर्भ जगू शकले नाहीत आणि हाडाची घडण कोलमडली. तेच विकर परिपक्व ऑस्टिओब्लास्टमधून काढले, तेव्हा प्रौढ उंदरांचे हाड अधिक भरीव झाले. इतर प्रयोगांत हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींतून ते काढले असता हाडाची झीज मंदावली आणि हाडाचे प्रमाण वाढले. एकच विकर, एकच प्राणी आणि तीन ठिकाणी तीन निष्कर्ष. त्यामुळे अमुक आरएनए हाडासाठी चांगला की वाईट, या प्रश्नाला पेशीचा प्रकार आणि तिची अवस्था सांगितल्याखेरीज उत्तर नसते. आढावा-लेखांतील तक्ते हे दोन रकानेच गाळतात, ही माझी त्यांच्याविषयीची जुनी तक्रार आहे.

गुणसूत्रवाचक

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. परंतु कोणता पुरावा भक्कम मानावा, या प्रश्नाचे उत्तर मी थोडे वेगळ्या ठिकाणी शोधीन. मूलपेशींच्या ताटलीत आरएनए वाढवणे किंवा घटवणे तुलनेने सोपे आहे. माणसाच्या जनुकात निसर्गतः बदल होऊन त्याच्या सांगाड्यात दोष निर्माण झाला असेल, तर तो पुरावा निराळ्या दर्जाचा असतो. नॉनकोडिंग आरएनएच्या बाबतीत असे पुरावे आहेत, आणि मेसेन्कायमल पेशींवरील लेखांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, याचे मला नवल वाटते.

पहिले उदाहरण आरएमआरपी या जनुकाचे. त्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही. सुमारे २७० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए बनतो आणि तो एका विकरसंकुलाचा घटक असतो. या जनुकातील बदलांमुळे कार्टिलेज-हेअर हायपोप्लासिया हा विकार होतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. हातपाय आखूड राहतात, हाडांच्या वाढीच्या टोकांची रचना बिघडते, केस विरळ व बारीक असतात आणि रोगप्रतिकारशक्तीही दुबळी असू शकते. फिनलंडमध्ये आणि अमेरिकेतील आमिश समाजात हा विकार तुलनेने अधिक आढळतो. बहुसंख्य रुग्णांत या आरएनएच्या ७० व्या स्थानी ए च्या जागी जी आलेला असतो. एका अक्षराचा बदल, आणि तोही प्रथिन न बनवणाऱ्या जनुकात.

दुसरे उदाहरण फाइनगोल्ड सिंड्रोमच्या दुसऱ्या प्रकाराचे. त्यात मिर-१७ ते ९२ या समूहाचे जनुक एका गुणसूत्रावरून गळालेले असते. लहान डोके, कमी उंची आणि बोटांच्या हाडांतील दोष ही त्याची लक्षणे. मायक्रो-आरएनएचे जनुक गमावल्यामुळे माणसात वाढीचा दोष होतो, हे यातून २०११ मध्ये प्रथमच स्पष्ट झाले.

तिसरे मिर-१४० चे. हा कूर्चेत विपुल असतो आणि तो नसलेल्या उंदरांची उंची कमी राहते, शिवाय वयाबरोबर त्यांच्या सांध्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिससारखे बदल होतात. २०१९ मध्ये काही रुग्णांत या मिर-१४० च्या जुळणी करणाऱ्या नेमक्या भागातच बदल आढळला. त्यामुळे तो आपली जुनी लक्ष्ये सोडतो आणि त्याच वेळी ज्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता असे नवे संदेश दाबू लागतो. उंदरात तोच बदल घडवून सांगाड्यातील दोष पुन्हा दाखवला गेला. रेणुगाथा यांनी सांगितलेल्या सात अक्षरांचे महत्त्व याहून थेट कसे दाखवणार?

ऑस्टिओपोरोसिसच्या संदर्भातही असा एक पुरावा आहे. मिर-२८६१ हा एचडॅक-५ या प्रथिनाला आवरतो, आणि एचडॅक-५ रन्क्स-२ च्या ऱ्हासाला हातभार लावत असल्यामुळे मिर-२८६१ असला की रन्क्स-२ टिकून राहते. २००९ मध्ये प्राथमिक ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, एकमेकांचे नातलग असलेल्या दोन किशोरवयीन रुग्णांत या मायक्रो-आरएनएच्या पूर्वरूपात बदल सापडला. मात्र रुग्ण दोनच होते, हे सांगताना विसरू नये. सर्वसामान्य वयोमानानुसार होणाऱ्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये एकाच मायक्रो-आरएनएचा दोष असतो असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे ठरेल.

पेशीवेध

दोघांचेही मनापासून आभार. आरएमआरपीविषयी मी काहीच वाचले नव्हते. मेग-३ चा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. शिवाय लांब आरएनए आणि वर्तुळाकार आरएनए यांच्याविषयीच्या बहुतेक शोधनिबंधांत ते मायक्रो-आरएनए शोषून घेतात, म्हणजे स्पंजासारखे वागतात, असे लिहिलेले असते. हे स्पष्टीकरण सगळीकडे इतके सारखे आहे की मला थोडा संशय येऊ लागला आहे.

रेणुगाथा

संशय रास्त आहे.

आधी मेग-३. मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात रुग्णांच्या मेसेन्कायमल पेशींत मेग-३ कमी आढळतो. तेथे तो सॉक्स-२ या प्रथिनाला बीएमपी-४ च्या जनुकापासून दूर करतो, बीएमपी-४ वाढते आणि हाड घडण्यास मदत होते. रजोनिवृत्तीनंतरच्या ऑस्टिओपोरोसिसमधील पेशींत मात्र मेग-३ वाढलेला दिसला. तो मिर-१३३ए च्या वाढीशी जोडलेला होता आणि हाड घडण्यात अडथळा आणत होता. रोग वेगळा, पेशी ज्या वातावरणातून आल्या ते वेगळे, आणि यंत्रणाही वेगळी. पहिल्यात केंद्रकात जनुकाच्या दारापाशी काम चालले आहे, दुसऱ्यात मायक्रो-आरएनएमार्फत. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. म्हणून तक्त्यात मेग-३ एकाच ओळीत न बसवता दोन ओळींत, रोगाच्या नावासह बसवा.

आता स्पंजाची गोष्ट. ही कल्पना २०११ मध्ये सुसूत्रपणे मांडली गेली आणि २०१३ मध्ये सीआयआरएस-७ या वर्तुळाकार आरएनएमुळे तिला मोठे बळ मिळाले. त्याच्यावर मिर-७ साठी सत्तरच्या आसपास जागा आहेत. परंतु हे उदाहरण अपवादात्मक आहे. हाडांच्या संदर्भातील अनेक लांब आरएनएंवर संबंधित मायक्रो-आरएनएसाठी एखाद-दोन जागाच असतात आणि पेशीगणिक त्यांच्या प्रतीही थोड्या असतात. मायक्रो-आरएनएच्या प्रती मात्र पेशीत हजारोंनी असू शकतात आणि त्यांना बसण्यासाठी इतर संदेशांवर असंख्य जागा आधीच मोकळ्या असतात. यकृताच्या पेशींत मिर-१२२ वर झालेल्या २०१४ मधील मोजणीनुसार, परिणाम दिसण्यासाठी लक्ष्य-जागांची इतकी मोठी भर घालावी लागते की एखाद्या नेहमीच्या आरएनएची पातळी वर-खाली झाल्याने ती साधणे कठीण आहे. प्रयोगात तो आरएनए प्लाझ्मिडमधून (पेशीत बाहेरून घातलेल्या डीएनएच्या वर्तुळातून) शेकडो पटींनी वाढवला की शोषण दिसते, यात आश्चर्य नाही. नैसर्गिक पातळीवर ते घडते का, हा खरा प्रश्न आहे. निबंधात दोन्ही रेणूंच्या प्रती मोजल्या आहेत का आणि केवळ ती एक जागा बदलून परिणाम नाहीसा होतो का, या दोन गोष्टी पाहा. दोन्ही नसतील तर तो दावा तूर्त कच्चा समजावा.

लांब आरएनएंना दुसरी कामे भरपूर आहेत. डॅन्सर हा ईझेडएच-२ या प्रथिनाला रन्क्स-२ च्या जनुकाकडे नेऊन ते जनुक मिटवून ठेवतो. एच-१९ अधिक गुंतागुंतीचा आहे. तो फक्त आईकडून आलेल्या गुणसूत्रावरून व्यक्त होतो आणि त्याच्या पहिल्याच एक्झॉनमधून (अंतिम आरएनएत टिकणाऱ्या तुकड्यातून) मिर-६७५ कापला जातो. हाड घडवण्यात त्याचा हातभार या मिर-६७५ मार्फत टीजीएफ-बीटा हे प्रथिन कमी करून लागतो असे एक संशोधन सांगते, तर तो मिर-१४१ आणि मिर-२२ यांना अडकवून विंटमार्गे काम करतो असे दुसरे सांगते. मी स्वतः पहिल्या मार्गाला अधिक वजन देतो, कारण तेथे एच-१९ पासून प्रत्यक्ष एक नवा रेणू तयार होतो आणि तो मोजता येतो.

प्रयोगमेज

चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे, तो म्हणजे या सगळ्या प्रयोगांतील मूलपेशी खरोखर काय असते. मेसेन्कायमल मूलपेशी हे नाव १९९१ मध्ये रूढ झाले आणि २००६ मध्ये तिच्यासाठी किमान निकष ठरले : प्लास्टिकच्या पृष्ठभागाला चिकटणे, पृष्ठभागावर सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ असणे, रक्तपेशींच्या खुणा नसणे आणि ताटलीत हाड, मेद व कूर्चा या तिन्ही दिशांना जाता येणे. मज्जेतून अशा रीतीने वेगळ्या केलेल्या पेशी एकजिनसी नसतात. काहींमध्ये मूलपेशीचे गुण खरेच असतात, बाकीच्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. एका दात्याच्या पेशींत मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या दात्याच्या पेशींत न मिळण्याचे हे एक मोठे कारण आहे. पेशी किती वेळा नव्या ताटलीत वाढवल्या आहेत, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

माध्यमाकडेही लक्ष द्यावे. पेशींना हाडाकडे वळवण्यासाठी वापरतात त्या द्रवात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असते. मेदाकडे वळवण्याच्या द्रवातही डेक्सामेथासोनच असते, फक्त अधिक प्रमाणात आणि इन्सुलिनसारख्या इतर घटकांसह. दीर्घकाळ घेतल्यास हेच औषध माणसाचे हाड ठिसूळ करते. ताटलीतील हाड आणि शरीरातील हाड यांच्यातील अंतर याहून स्पष्ट करता येणार नाही. साधारण तीन आठवड्यांनी ॲलिझरिन रेडने ताटली रंगवतात आणि लाल डाग दिसले की हाड घडले असे लिहून मोकळे होतात. तो रंग कॅल्शियमला चिकटतो. मेलेल्या पेशींभोवती साचलेले कॅल्शियमही तितकेच लाल दिसते. म्हणून ऑस्टिओकॅल्सिन व कोलॅजेन या हाडातील प्रथिनांची पातळी आणि पेशी जिवंत असल्याची खात्री सोबत दिलेली नसेल, तर नुसत्या छायाचित्रावर मी विसंबत नाही.

अस्थिरोगचिकित्सक

रक्तचाचणीविषयीच्या शंकेचे उत्तर मी देतो. नेहमीच्या वैद्यकीय व्यवहारात ऑस्टिओपोरोसिसचे निदान आजही डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडांच्या घनतेवर, आणि आधी झालेल्या अस्थिभंगांवर होते. टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरी घनतेशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, हा जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४ पासूनचा निकष आहे. मायक्रो-आरएनएच्या चाचणीवर रुग्णाचे औषध ठरवले जात नाही.

असे असले तरी कल्पना निराधार नाही. घनता मोजून हाडाची गुणवत्ता पूर्ण कळत नाही. घनता बरी असलेल्या कित्येकांचे हाड मोडते. मायक्रो-आरएनए रक्तात आर्गोनॉट प्रथिनाच्या किंवा सूक्ष्म पुटिकांच्या (पेशींनी सोडलेल्या इवल्या पिशव्यांच्या) आश्रयाने टिकून राहतात, त्यामुळे मोजताही येतात. अस्थिभंग झालेल्या रुग्णांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) मिर-२१, मिर-२३ए, मिर-२४ आणि मिर-१२५बी यांसारखे काही मायक्रो-आरएनए वाढलेले असल्याचे २०१४ मध्ये नोंदले गेले. घोडे अडते ते मोजमापाच्या शिस्तीपाशी. नमुना घेताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातील विपुल मिर-४५१ए सीरममध्ये उतरतो आणि बाकीच्या आकड्यांचा अर्थ बिघडतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांच्या पीसीआर चक्रांतील (मोजणीसाठी प्रती वाढवण्याच्या फेऱ्यांतील) फरक आधी पाहतात. तो सात-आठ चक्रांच्या पुढे गेला तर नमुना बाद करतात. सीरम घेतले की प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातील द्रव), बिंबिका (प्लेटलेट) नीट काढल्या की नाही, यांनीही निकाल बदलतो. दोन संशोधनांची यादी जुळत नाही तेव्हा रोगाआधी नळी तपासावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. शिवाय रक्तातील मिर-२१ हाडातूनच आला याची काय खात्री? तो शरीरातील अनेक ऊतींत असतो.

उपचाराच्या दृष्टीने मला मिर-२१४ सर्वांत लक्षणीय वाटतो. हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांच्या हाडाच्या नमुन्यांत तो वाढलेला आणि हाड घडण्याचे प्रमाण घटलेले आढळले. तो एटीएफ-४ या हाड घडवण्यास लागणाऱ्या प्रथिनाला दाबतो. उंदरांत ऑस्टिओब्लास्टपर्यंत पोहोचवलेल्या प्रतिरोधकाने त्याला अडवले असता हाड घडणे सुधारले. पुढे असेही दिसले की ऑस्टिओक्लास्ट पेशी हा मिर-२१४ पुटिकांत भरून बाहेर सोडतात आणि तो ऑस्टिओब्लास्टमध्ये जाऊन तिचे काम मंदावतो. हाड खाणारी पेशी हाड बांधणारीला अशा रीतीने रोखते, हे चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण आपली बहुतेक औषधे या दोघींपैकी एकीवरच नेम धरतात.

मोठा अडसर औषध हाडापर्यंत नेण्याचा आहे. शिरेतून दिलेले आरएनए-औषध बहुतांशी यकृतात व मूत्रपिंडात जाते. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे पहिले एसआय-आरएनए (ठरावीक संदेश नष्ट करणारा छोटा आरएनए) औषध यकृतावरच काम करते, ते याच कारणाने. हाडासाठी ॲस्पार्टेट-सेरिन-सेरिन ही अमिनो आम्लांची साखळी सहा वेळा गुंफून तयार केलेले पेप्टाइड लायपोसोमवर (औषध वाहणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म गोळीवर) बसवतात. ते हाड घडत असलेल्या पृष्ठभागाला चिकटते. आठ ॲस्पार्टेटांची साखळी मात्र हाड झिजत असलेल्या, अधिक स्फटिकमय पृष्ठभागाकडे जाते. म्हणजे कोणत्या पेशीला औषध द्यायचे, याची निवड काही अंशी शक्य आहे, निदान प्राण्यांत. माणसांच्या हाडांच्या आजारासाठी मान्यताप्राप्त असे मायक्रो-आरएनए औषध आज नाही. कर्करोगासाठी मिर-३४ए ची प्रतिकृती असलेल्या एमआरएक्स-३४ या औषधाची मानवी चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारसंस्थेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. शेकडो लक्ष्ये असलेला रेणू संपूर्ण शरीरात सोडण्याचा धोका काय असतो, हे त्यातून दिसले. ऑस्टिओपोरोसिस वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे आणि बिसफॉस्फोनेट, डेनोसुमॅब, टेरिपॅराटाइड, रोमोसोझुमॅब ही परिचित औषधे हाताशी आहेत. त्यामुळे नव्या औषधाच्या सुरक्षिततेची अट येथे कर्करोगाहून कडकच राहणार.

गुणसूत्रवाचक

एक भर. मॅलॅट-१ हा लांब आरएनए मूलपेशींच्या ताटलीत मिर-२०४ शोषून हाड घडवतो असे म्हटले जाते. तो पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर मात्र २०१२ मध्ये तीन स्वतंत्र गटांना वरवर पाहता निरोगी आढळले होते. अलीकडे त्यांच्या हाडांची बारकाईने तपासणी झाली तेव्हा हाड विरळ असल्याचे दिसले, परंतु कारण वेगळे निघाले : मॅलॅट-१ हा टीड-३ या प्रथिनाला बांधून ठेवतो आणि त्यामुळे ऑस्टिओक्लास्ट घडवणारे एनएफएटीसी-१ आटोक्यात राहते. दोष हाड खाणाऱ्या बाजूचा होता. सेमिनारच्या तक्त्यात ताटलीतील निष्कर्ष, जनुक काढलेल्या प्राण्यातील निष्कर्ष आणि मानवी जनुकीय पुरावा असे तीन रकाने केलेत, तर पहिला रकाना गच्च भरलेला आणि तिसरा जवळजवळ रिकामा दिसेल. तो रिकामा रकाना श्रोत्यांना तसाच दाखवा. प्रश्न तेथूनच येतील.